वाचकांचे प्रश्न : साक्रीच्या काळ्या भिंती आणि गुरूच्या चंद्रावरची आग

गेल्या अंकात चंद्रावरील काळ्या डागांविषयी चार ओळी छापून आल्या आणि त्यानंतर खानदेशातून इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर ग्रह-उपग्रहांवरील ज्वालामुखी आणि भूहालचाली या एकाच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे मोठी होती. त्यांतील प्रश्न तेवढे येथे संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : आमच्या शिवारातून काळ्या दगडांची एक सरळ धार टेकडीवरून खाली उतरते, ओढा ओलांडते आणि पुढच्या गावाकडे निघून जाते. आजोबा म्हणत, ती कोणीतरी बांधलेली भिंत असावी. एका अभ्यासकांनी ती ज्वालामुखीची खूण असल्याचे सांगितले. मग तो ज्वालामुखीचा डोंगर कुठे गेला? अशा भिंती इतर ग्रहांवर असतात का? (एक शेतकरी वाचक, साक्री तालुका)

अभ्यासकांनी आपल्याला बरोबर सांगितले आहे आणि आजोबांचा समजही अगदी स्वाभाविक होता, कारण त्या दगडांना आडव्या भेगा इतक्या नीटसपणे पडलेल्या असतात की ते कोणी रचून ठेवल्यासारखे वाटतात. ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यातून निघणारा धूर डोळ्यांपुढे येतो. पण दख्खनचे पठार ज्याने घडवले तो लाव्हा प्रामुख्याने अशा डोंगरांतून आला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील जमीन ताणली जाऊन तिला लांबच लांब फटी पडल्या, त्या फटींतून शिलारस वर आला आणि पाण्याच्या पुरासारखा पसरत गेला. असे थरावर थर साचत गेले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या थरांनी व्यापलेला आहे. शेवटी फटीत जो रस अडकून राहिला तो तिथेच थिजला. भोवतालचा कातळ ऊन-पावसाने झिजला, फटीतला घट्ट दगड मात्र टिकून उभा राहिला. यालाच भूशास्त्रात ‘डाइक’ म्हणतात. म्हणून आपल्या शिवारात डोंगर शोधू नये. ती भिंतच ज्वालामुखीचे मुख, किंवा निदान मुखाकडे जाणारी वाट आहे.

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत अशा डाइकांची जेवढी दाटी आहे तेवढी दख्खनच्या पठारावर फार थोड्या ठिकाणी आढळते. त्यांतल्या बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम, म्हणजे तापीच्या खोऱ्याला समांतर धावतात, यावरून त्या काळी जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती हे कळते. विद्यार्थिदशेत मी साक्री भागातील अशाच एका धारेवरून ऐन मे महिन्यात दिवसभर चाललो होतो. धारेच्या एका अंगाच्या विहिरीला पाणी होते आणि दुसऱ्या अंगाची, हाकेच्या अंतरावरची विहीर कोरडी होती. जमिनीखाली ही भिंत धरणासारखी पाणी अडवते आणि ती जिथे भेगाळलेली असते तिथे उलट पाण्याला वाट करून देते. म्हणून विहीर खणण्यापूर्वी आपल्या धारेची दिशा नीट पाहून ठेवावी, एवढे आवर्जून सुचवतो.

इतर ग्रहांवर अशा फटी आहेत, आणि पुष्कळ आहेत. चंद्रावर ज्याला आपण ससा किंवा हरीण म्हणतो ते काळे डाग म्हणजे फटींतून वाहून प्रचंड खोलगट भागांत साचलेला आणि थिजलेला लाव्हा होय. अपोलो ११च्या अंतराळवीरांनी १९६९मध्ये तेथून आणलेला खडक बेसॉल्ट निघाला, म्हणजे आपल्या शिवारातल्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा. फरक इतकाच, की चंद्रावरच्या खडकात पाण्याचा अंश जवळजवळ नाही, टायटॅनियम बरेच जास्त आहे आणि वय आपल्या खडकाच्या पन्नास पट आहे. मंगळावर सर्बेरस फॉसी नावाच्या भेगा एक हजार किलोमीटरहून अधिक लांब पसरल्या आहेत. भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी अलीकडे, म्हणजे काही लाख ते काही कोटी वर्षांपूर्वी, त्यांच्यातून लाव्हा वाहिला आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने चार वर्षांत जे धक्के नोंदवले त्यांतले अनेक ठळक धक्के याच भेगांच्या दिशेने आलेले होते. तेथील जमीन अजून पुरती निवलेली नाही.

प्रश्न : मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी एव्हरेस्टच्या अडीच पट उंच असल्याचे आम्ही मुलांना शिकवतो. लहान ग्रहावर एवढा मोठा डोंगर कसा झाला, हे मात्र पाठ्यपुस्तकात नाही. (एक शिक्षिका, जळगाव)

त्याची उंची सुमारे २२ किलोमीटर आणि पायथ्याची रुंदी सुमारे ६०० किलोमीटर आहे; त्याचे एक टोक नंदुरबारला ठेवले तर दुसरे नागपूरच्याही पुढे जाईल. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण तीन-अष्टमांश आहे, त्यामुळे डोंगर स्वतःच्या भाराने खचत नाही, हे एक कारण झाले. खरे कारण मात्र वेगळे आहे. पृथ्वीचे कवच तुकड्यांत विभागलेले असून ते भूपट्ट सतत सरकत असतात, तर मंगळाचे कवच एकसंध असून जागच्या जागी आहे. खालून उष्णतेचा झोत एकाच जागी येत राहिला आणि वरची जमीन हललीच नाही, तर कोट्यवधी वर्षांचा सगळा लाव्हा एकाच डोंगरावर साचत जातो.

मुलांना हे समजावताना आपल्याच जमिनीचे उदाहरण देता येईल. खानदेशचा लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून आला असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात, तो स्रोत आज हिंदी महासागरातील रीयूनियन बेटाखाली आहे आणि तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वारंवार उफाळतो. स्रोत मोठ्या मानाने जागेवर राहिला आणि आपला भूपट्ट मात्र उत्तरेकडे सुमारे पाच हजार किलोमीटर निघून आला. मधल्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, शागोस आणि मॉरिशस अशी माळ राहिली. (या उपपत्तीवर आक्षेप घेणारे अभ्यासकही आहेत आणि त्यांत भारतीय भूशास्त्रज्ञ आहेत, हेही मुलांना सांगावे, शास्त्रात वाद जिवंत असणे चांगले.) आपला भूपट्ट हलला नसता तर ही सगळी सामग्री एकाच ठिकाणी साचली असती. पृथ्वीवर जे एका रांगेत विखुरले, ते मंगळावर एका राशीत साचले आहे.

प्रश्न : मोठे भांडे उशिरा निवते आणि लहान लवकर, म्हणून पृथ्वी अजून आतून गरम आहे आणि चंद्र थंड झाला, असे मी वाचले. मग गुरूचा आयो हा चंद्र आपल्या चंद्राएवढाच असून त्याच्यावर शेकडो ज्वालामुखी कसे? (इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी, शहादा)

या पत्राचे उत्तर लिहिताना मला फार आनंद होत आहे, कारण हीच शंका १९७९पर्यंत जगातल्या बहुतेक ग्रहशास्त्रज्ञांच्या मनात यायला हवी होती आणि ती फार थोड्यांच्या मनात आली.

तू वाचलेला नियम खरा आहे. ग्रहाच्या पोटातली उष्णता दोन वाटांनी येते : जन्माच्या वेळी झालेल्या टकरींची शिल्लक ही एक, आणि युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून सावकाश मिळणारी भर ही दुसरी. ती बाहेर जाते पृष्ठभागावाटे. चुलीवरून उतरवलेला पाण्याचा हंडा तासभर हाताला चटका देतो आणि वाटीतले पाणी तेवढ्या वेळात कोमट होते. लहान गोलाला त्याच्या पोटाच्या मानाने कातडी जास्त असते. या नियमाने बुधावरील लाव्हाची मोठी मैदाने सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच थांबली आणि तो ग्रह निवता निवता इतका आकसला की त्याच्या कवचाला शेकडो किलोमीटर लांबीच्या वळ्या पडल्या. आपल्या चंद्रावरचा बराचसा लाव्हाही तीन अब्ज वर्षांहून जुना आहे. चीनच्या चांग-ई ५ यानाने २०२०मध्ये आणलेला खडक सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीचा निघाला, तेव्हा तोसुद्धा सर्वांना अनपेक्षितपणे तरुण वाटला.

आयोचा व्यास सुमारे ३,६४० किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या चंद्राहून किंचितच मोठा. नियमाप्रमाणे तो केव्हाच थंड व्हायला हवा होता. पण उष्णतेची तिसरीही एक वाट आहे, आणि ती समजण्यासाठी धुळ्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रककडे पाहावे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तेथे मिळतात. लांबून आलेला चालक उतरला की आधी टायरला हात लावून पाहतो. ज्या टायरात हवा कमी असते ते सर्वांत जास्त तापलेले असते. ते रस्त्यावर घासते म्हणून नव्हे. प्रत्येक फेरीत त्याचा रबर दबतो आणि पुन्हा फुगतो, आणि या सततच्या दबण्या-फुगण्यात आतल्या आत घर्षण होऊन तो तापतो.

आयोचे नेमके हेच होते. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे आणि आयो त्याच्याभोवती अवघ्या साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो. गुरूच्या ओढीमुळे आयोला लांबट फुगवटा येतो. आयोची कक्षा अगदी वर्तुळाकार असती तर हा फुगवटा तसाच स्थिर राहिला असता आणि स्थिर फुगवट्याने काहीच तापत नाही, जसे उभ्या ट्रकचे टायर तापत नाही. परंतु आयोच्या बाहेरून फिरणारे युरोपा आणि गॅनिमीड हे दोन चंद्र तसे होऊ देत नाहीत. आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्या वेळात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक फेरी होते. त्यामुळे ते ठरावीक जागी पुन्हा पुन्हा भेटतात, दर वेळी तोच हिसका बसतो आणि आयोची कक्षा किंचित लांबट राहते. आयो कधी गुरूच्या थोडा जवळ जातो, कधी थोडा दूर, आणि त्याबरोबर त्याचा घन खडकाचा पृष्ठभाग सुमारे १०० मीटरपर्यंत वर-खाली होतो. आपल्या पायाखालची जमीनही चंद्राच्या ओढीने रोज उचलली जाते, पण ती वीतभर-दीडवीतभर. १०० मीटर म्हणजे तीस मजली इमारतीची उंची, आणि तीसुद्धा दगडाची भरती.

तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी, पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांनी, हा हिशेब मांडून आयोचे पोट वितळलेले असले पाहिजे असा निष्कर्ष २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध केला. तीनच दिवसांनी व्हॉयेजर १ यान गुरूजवळून गेले. ८ मार्चला, यान पुढे निघून गेल्यावर, केवळ ताऱ्यांच्या आधाराने यानाची दिशा तपासण्यासाठी घेतलेल्या एका छायाचित्रात लिंडा मोराबिटो या अभियंता महिलेला आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक फिकट उभार दिसला. तो ढग नव्हता, मागे दडलेला दुसरा चंद्रही नव्हता. पृथ्वीबाहेर चालू ज्वालामुखीचा उद्रेक माणसाने पाहिला तो हा पहिलाच. आधी गणित आणि आठवड्याच्या आत त्याचा डोळ्यांदेखत पुरावा, असे शास्त्राच्या इतिहासात क्वचित घडते, आणि मला ही हकीकत कितीही वेळा सांगितली तरी जुनी वाटत नाही.

आज आयोवर ४००हून अधिक ज्वालामुखी ठाऊक आहेत. त्यांतले काही फवारे ३०० किलोमीटरपर्यंत चढतात, कारण तेथे हवेचा अडथळा जवळजवळ नाही आणि गुरुत्वाकर्षणही कमी आहे. लोकी हे लाव्हाचे तळे सुमारे २०० किलोमीटर रुंद आहे. पिवळा, नारिंगी आणि लाल हे आयोचे रंग गंधकाचे आणि गंधकाच्या संयुगांचे आहेत, परंतु लाव्हा मात्र मुख्यतः आपल्यासारख्याच दगडाचा आहे. पृष्ठभाग इतक्या वेगाने नव्या थरांनी झाकला जातो की उल्कापाताचे एकही विवर तेथे आजवर आढळलेले नाही. डिसेंबर २०२४मध्ये जुनो यानाने आयोच्या दक्षिण भागात तापलेला असा एक प्रदेश पाहिला, ज्याचे क्षेत्रफळ सुमारे एक लाख चौरस किलोमीटर भरते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून जेवढे होतात त्याच्या सुमारे चौपट.

ही ऊर्जा फुकट येत नाही, हेही लक्षात ठेव. ती गुरूच्या स्वतःभोवती फिरण्यातून आणि या चंद्रांच्या कक्षांतून खर्ची पडते, इतक्या सावकाश की आपल्याला जाणवू नये. आणि आपला चंद्रही अगदीच निपचित नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या भूकंपमापकांनी १९७७पर्यंत हजारो चंद्रकंप नोंदवले. त्यांतले सर्वांत खोल, ७०० ते १,००० किलोमीटरवरचे धक्के पृथ्वीच्या ओढीच्या मासिक चक्राबरोबर पुन्हा पुन्हा येत असत. आयोला जे मणांनी मिळते ते आपल्या चंद्राला गुंजेने मिळते.

प्रश्न : उनपदेवला सातपुड्याच्या पायथ्याशी ऊन पाणी वाहते. त्याखाली ज्वालामुखी जागा होत आहे का? भूकंप झाला की गावात ही चर्चा होते. (एक वाचक, चोपडा तालुका)

नाही, याबाबत निश्चिंत असावे. तापीचे खोरे आणि सातपुडा यांच्या मध्ये जमिनीत खोलवर गेलेले मोठे प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याने पडलेल्या फटी, आहेत. पावसाचे पाणी त्या फटींतून खोल उतरते आणि दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढत असल्यामुळे एक-दीड किलोमीटर खाली जाऊन आलेले पाणीही चांगले तापलेले असते. त्यासाठी वितळलेला खडक लागत नाही. दख्खनचा ज्वालामुखी केव्हाच विझला आहे. या भागातले भूकंप याच जुन्या भंगांवरच्या ताणामुळे होतात, आणि घरे बांधताना त्यांचा विचार अवश्य करावा.

आपल्या प्रश्नाचा धागा मात्र शनीपर्यंत जातो. शनीचा एन्सेलाडस हा चंद्र अवघा ५०० किलोमीटर व्यासाचा, आणि त्याच्या बर्फाच्या पृष्ठभागाचे तापमान उणे २०० अंशांच्या आसपास. कॅसिनी यानाला २००५मध्ये त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या चार लांब भेगांतून वाफेचे आणि हिमकणांचे फवारे उडताना दिसले. बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र आहे, आणि तोही आयोप्रमाणे दबण्या-फुगण्याच्याच उष्णतेवर न गोठता टिकून आहे. फवाऱ्यांतून आलेल्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांवरून त्या समुद्राच्या तळाशी सुमारे ९० अंशांहून अधिक तापलेले पाणी खडकातून झिरपत असावे असा निष्कर्ष निघाला, आणि २०१७मध्ये जाहीर झालेल्या हायड्रोजनच्या नोंदीने त्याला बळ मिळाले. खडकाच्या फटींतून वर येणारे ऊन पाणी, म्हणजे उनपदेवला जे आपण हाताने अनुभवतो तेच, पण शंभर कोटी किलोमीटरहून दूर आणि सूर्यप्रकाशाचा किरणही पोहोचत नाही अशा अंधारात. जीवसृष्टीच्या शोधात शास्त्रज्ञ आज या चंद्राकडे एवढ्या आशेने का पाहतात, ते यावरून ध्यानात येईल.

प्रश्न : लोणारचे सरोवर हे ज्वालामुखीचे तोंड आहे, हे खरे का? (एक वाचक, मुक्ताईनगर)

खरे नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बाहेरून आलेल्या अशनीच्या आघाताने झाले. पूर्वी ते ज्वालामुखीचेच समजले जात असे. पण तेथील खडकांत सापडलेल्या काचा आणि खनिजांना बसलेला धक्का अशा आघाताखेरीज संभवत नाही. बेसॉल्टमध्ये झालेली आणि नीट टिकलेली आघातविवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, तर चंद्रावर आणि मंगळावर बेसॉल्टचाच विस्तार आहे. म्हणून देशोदेशीचे ग्रहशास्त्रज्ञ लोणारला येतात.

प्रश्न : संध्याकाळी पश्चिमेला दिसणाऱ्या शुक्रावर आज, या क्षणी, ज्वालामुखी चालू आहेत का? (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

बहुधा होय. शुक्रावर ढगांचे दाट पांघरूण असल्याने दुर्बिणीतून जमीन दिसत नाही. मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारच्या साहाय्याने तिचा नकाशा काढला, तेव्हा मोठे ज्वालामुखी शेकड्यांनी आढळले. ते विझलेले की जागते, हा वाद मात्र तीस वर्षे चालला. २०२३मध्ये दोन संशोधकांनी तीच जुनी चित्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा माट मॉन्स या डोंगराजवळचे एक मुख फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९९१ या आठ महिन्यांत रुंद होऊन त्याचा आकार बदलल्याचे दिसले. पुढच्या वर्षी आणखी दोन ठिकाणी त्याच काळातील नव्या लाव्हाच्या खुणा सापडल्या. पुरावा तीस वर्षे कपाटातच होता, बघणारा डोळा हवा होता, याचे मला फार अप्रूप वाटते. शुक्राच्या एका विस्तीर्ण पठाराला आपल्या लक्ष्मीचे नाव दिलेले आहे, आणि भारताच्या शुक्रयान मोहिमेला सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली आहे; त्या यानावरही रडार असणार आहे.

प्रश्न : आयो आमच्या गच्चीवरून दिसेल का? (शहाद्याच्या त्याच विद्यार्थिनीच्या पत्रातील शेवटची ओळ)

ज्वालामुखी दिसणार नाहीत, आयो मात्र दिसेल. गुरू रात्री चांगला वर आलेला असेल असा महिना पंचांगात पाहून ठेव, लहानशी दुर्बीण मिळव आणि ती कठड्यावर घट्ट टेकव, कारण हातात धरली तर ठिपके हलतात. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार ठिपके असतात. १६१०च्या जानेवारीत गॅलिलिओने तेच पाहिले. कधी तीनच दिसतील, चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो. गुरूच्या बिंबापासून बिंबाच्या साधारण तीन व्यासांपलीकडे जो कधीच जात नाही तो आयो. संध्याकाळी सातला चित्र काढून ठेव आणि रात्री अकराला पुन्हा काढ. चार तासांत सर्वांत जास्त सरकलेला ठिपका बहुधा तोच असेल. दोन्ही चित्रे आमच्याकडे पाठव, पुढच्या अंकात ती छापू.